पटकीचा जंतू आतडे पोखरत नाही

पटकीचे, म्हणजेच कॉलऱ्याचे, जंतू आतड्याची भिंत पोखरतात आणि त्या जखमांतून पाणी वाहू लागते, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः व्हिब्रिओ कॉलरी हा जंतू पेशींच्या आत शिरतच नाही. आपल्या एकमेव कशाभिकेच्या, म्हणजे पोहण्यासाठी असलेल्या लांब तंतूच्या, साहाय्याने तो लहान आतड्यावरील श्लेष्म्याचा थर ओलांडून पेशींच्या पृष्ठभागावर स्थिरावतो, आणि तेथे अंगावरील सूक्ष्म प्रथिनतंतू एकमेकांत गुंतवून हे जंतू पुंजके करून राहतात. या तंतूंवाचून त्यांना आतड्यात तग धरता येत नाही.

जुलाब जंतूंच्या नुसत्या वास्तव्याने होतात, हेही खरे नाही. कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये जंतू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्याच्या बांधून घेतलेल्या भागात सोडला, तेव्हा एकही जंतू नसताना तो भाग पाण्याने तट्ट फुगला आणि जंतूने स्रवलेले विष हेच कारण असल्याचे सिद्ध झाले. या विषाचे पाच एकसारखे घटक पेशीपटलावरील जीएम१ नावाच्या रेणूला चिकटतात; सहावा घटक आत जाऊन पेशीतील एका संदेशवाही प्रथिनाचा खटका कायमचा चालू ठेवतो, त्यामुळे चक्रीय एएमपी हा संदेशरेणू साचत जातो, क्लोराइडचे मार्ग उघडे राहतात आणि क्लोराइडपाठोपाठ सोडियम व पाणी आतड्याच्या पोकळीत उतरते. तीव्र आजारात तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीराबाहेर जाऊ शकते, तरी पेशी शाबूत असतात.

जुलाबात पाणी पाजले की जुलाब वाढतात, हा समज मात्र जीवघेणा आहे, कारण ग्लुकोज आणि सोडियम यांना एकत्र आत घेणारी पेशीची यंत्रणा या विषाने बिघडत नाही आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शोषले जाते. लिटरभर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ व अन्य क्षार असलेली जलसंजीवनी याच तत्त्वावर बेतलेली आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बोनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच द्रावण पाजण्याचा मार्ग पत्करला, तेव्हा त्या उपचारकेंद्रातील मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले.

जुलाब लागलेल्या माणसाचे पाणी तोडू नये. घोटघोट जलसंजीवनी लगेच सुरू करावी, आणि गुंगी आली, लघवी थांबली किंवा पिणेच जमेनासे झाले, तर शिरेतून द्रव देण्यासाठी विनाविलंब रुग्णालय गाठावे.