शाकारणीचा महिना

मे महिन्यात गुहागरात ज्या कामाची घाई सुरू होते ते काम कौलांचं. पाऊस मृगाला येणार हे धरून घराची शाकारणी त्याआधी व्हायला हवी. म्हणजे कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वाळवी लागलेले वासे-रिपा बदलायच्या आणि पुन्हा सगळं बसवायचं. वानरांची टोळी छपरावरून एकदा पळत गेली की पाचपन्नास कौलं सरकतात, आणि वर्षातून अकरा महिने ज्या घरात कोणी राहत नाही तिथे ती सरकलेली कुणाच्या लक्षातही येत नाहीत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक कौल सरकलेलं राहिलं तर त्या पावसात आधी वासा भिजतो, मग भिंतीचा माथा, आणि चारपाच वर्षांत जांभ्याची भिंत बाहेर झुकते. म्हणून मुंबई-पुण्याहून माणसं घरी येतात तेव्हा सुटी, आंबे, समुद्र हे सगळं असतंच. पण त्यांच्या येण्याशी छपराचं आयुष्य बांधलेलं असतं. शाकारणीचे पैसे कुणी किती द्यायचे, हा प्रश्न ओटीवर सगळे भाऊबंद एकत्र बसल्याशिवाय सुटत नाही, आणि सगळे एकत्र बसतात ते मे महिन्यातच.

गुहागर हे रत्नागिरी जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. चिपळूणहून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता जांभ्याच्या सड्यावरून येतो आणि एकदम खाली उतरतो. उत्तरेला वाशिष्ठीची दाभोळ खाडी, दक्षिणेला शास्त्रीची जयगड खाडी, त्यामध्ये तालुका. गावाची रचना मात्र एका वाक्यात सांगता येते: समुद्राला समांतर एक रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरं. मध्ये व्याडेश्वराचं देऊळ, त्याच्या एका बाजूला खालचा पाट, दुसऱ्या बाजूला वरचा पाट. रस्त्यावरच्या घराच्या मागे विहीर, विहिरीमागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला गडगा, पलीकडे सुरूचं बन आणि मग सुमारे सहा किलोमीटरची वाळू. रस्त्याने चालणाऱ्याला समुद्र ऐकू येतो, दिसत नाही. किनाऱ्यावर उभं राहिलं तर गाव दिसत नाही, नुसत्या झावळ्या दिसतात. वारा, वाळू आणि खारं यांना तोंड देऊन वस्ती कशी करावी, याचा इतका शहाणा नमुना मी कोकणात दुसरा पाहिलेला नाही.

या रचनेचा जीव पाण्यात आहे. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्यातून मुरत खाली येतो आणि वाडीखालच्या वाळूत साठतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते आत शिरलेल्या समुद्राच्या पाण्यावर थर धरून राहतं. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याचा एक हात असेल तर खाली सुमारे चाळीस हातांपर्यंत त्याचा थर असू शकतो, असं भूजलाचं गणित सांगतं. लाटांपासून हाकेच्या अंतरावरची विहीर गोडी राहते ती यामुळे. पण हेच गणित उलटंही चालतं. उपसा वाढून वरचा एक हात गेला, तर खालचं खारं पाणी त्याच हिशेबाने, म्हणजे त्याच्या चाळीस पट, वर सरकू लागतं. पूर्वी लाटेने, म्हणजे लाकडी तरफेने, किंवा रहाटाने पाणी काढत. बैल दमला की रहाट थांबे, आणि तेवढ्यात विहीर भरून येई. विजेचा पंप दमत नाही. रहाट परत आणा, असं माझं म्हणणं नाही; वाडी शिंपणाऱ्याची पाठ त्या कामात कशी मोडत असे, हे जुन्या माणसांनी पुरेसं सांगितलेलं आहे. पण पंप किती वेळ चालवायचा याचं भान रहाटाच्या काळात आपोआप राहत होतं, ते आता ठरवून ठेवावं लागतं.

आणि पोफळीला पाणी लागतंच. माड एक वेळ तग धरेल, पोफळ नाही. उन्हाळ्यात चारपाच दिवसांआड आळी भिजवली नाहीत तर फुलोरा गळतो. तिला सावलीही हवी, म्हणून ती माडांच्या आडोशाला लावायची. लावल्यापासून पीक हाती यायला सहासात वर्षं जातात. पाडेली एका झाडावर चढतो, शेंडा हलवून शेजारच्या झाडाला हात घालतो आणि जमिनीवर न उतरता वाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. असे पाडेली आता कमी राहिले आहेत. उतरवलेली असोली सुपारी खळ्यात महिनाभराहून अधिक उन्हात पडते, मग सोलली जाते. ही सगळी कामं हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला होतात, मालक बहुधा तेव्हा गावात नसतात. कामं करतात ती वर्षभर इथे राहणारी माणसं: एखादा मागे राहिलेला भाऊ आणि त्याची बायको, म्हातारी काकू, किंवा पिढ्यान्‌पिढ्या त्या वाडीत राबलेलं एखादं कुटुंब. मालकांची नावं सातबाऱ्यावर असतात. वाडी जगते ती या माणसांमुळे. गुहागरचं वर्णन करताना मला हे सर्वांत आधी सांगावंसं वाटतं, आणि पर्यटनाच्या पुस्तिकांत नेमकं हेच नसतं.

उन्हाळ्यात इथे येण्याची रीत नवी नाही. दुसरा बाजीराव पेशवा उन्हाळ्याच्या दिवसांत गुहागरला येत असे, धर्मकृत्यं करी आणि समुद्राची हवा खाई. त्याचा वाडा इथे होता, ही नोंद रत्नागिरी जिल्ह्याच्या १८८०च्या गॅझेटियरात आहे. व्याडेश्वर हे अनेक चित्पावन घराण्यांचं कुलदैवत. त्यामुळे ज्यांचं इथे घर उरलं नाही तीही कुटुंबं कुलधर्माच्या निमित्ताने येत राहिली.

पण आजचा मे महिना घडला तो विसाव्या शतकात. किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत शेती थोडी, खाणारी तोंडं फार. शिकलेले कचेऱ्यांत आणि शाळांत गेले. तालुक्यातल्या कुणबी घरांतले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेले, आणि त्यांच्या मनीऑर्डरींवर गावाकडच्या चुली पेटत राहिल्या. १९४९च्या कायद्याने खोती संपली. १ एप्रिल १९५७ रोजी कुळं कसत असलेल्या जमिनीची मालक ठरली. पिढ्यान्‌पिढ्यांचा अन्याय त्याने दूर झाला, हे निःसंशय. ज्यांची भातजमीन गेली त्या घरांकडे मग रस्त्यावरचं घर आणि मागची वाडी एवढंच राहिलं, आणि पुढची पिढी नोकरीसाठी बाहेर पडली ती कायमची. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा कुणबी घरांची चाकरीही तुटली. काही गिरणी कामगार गावाकडे परतले, पण बरेचसे मुंबईच्या कडेकडेला सरकत जाऊन तिथेच राहिले. तालुक्यातल्या या चाकरमान्यांचे खरे सण शिमगा आणि गणपती. पालखी दारी यायची तेव्हा घर उघडं असलंच पाहिजे, मग रजा बिनपगारी झाली तरी चालेल. मे महिना मुख्यतः शाळकरी मुलं असलेल्या घरांचा. एकाच तालुक्यात असे दोन निराळे ऋतू आहेत, आणि शहरात बसून कोकणावर लिहिणारे बहुतेक जण त्यातला एकच बघतात.

वाटेचे हालही फार होते. आगबोटीच्या काळात मुंबईहून दाभोळला उतरायचं, पडावाने खाडी ओलांडायची आणि पुढे बैलगाडी. पावसाळ्यात बोट बंद. त्यामुळे मेअखेरीची बोट गाठायची, नाहीतर अडकून पडायचं, अशी सुटीची हद्द समुद्रच ठरवून देई. पुढे एसटी आली. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि चिपळूणपर्यंतचा प्रवास एका रात्रीवर आला. प्रवास सोपा झाल्यावर मुक्काम वाढेल असं वाटलं होतं; झालं उलटं. एवढी वाट तुडवून आलेला माणूस महिनाभर राहत असे. रात्री गाडीत बसून सकाळी पोचणारा चार दिवसांत परततो. शाकारणी चार दिवसांत होत नाही.

महिनाभर राहणाऱ्यांचं घर कसं भरलेलं असे, ते ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको. आंब्याची साठं, फणसपोळ्या, आमसुलं खळ्यात वाळत घातलेली, आणि राखणीला पोरं. संध्याकाळी सगळी वाळूत. हा भाग इतक्यांनी इतक्या गोडव्याने लिहिला आहे की मी तो इथेच सोडतो. एवढंच नोंदवतो, की त्या वाळवणांमागे पहाटे उठणाऱ्या बायका होत्या, आणि सुटी त्यांच्या वाट्याला फारशी येत नसे.

गावातल्या तरुणांनी गावातच राहावं असा एक मोठा योग नव्वदच्या दशकात आला होता. एन्रॉनचा वीज प्रकल्प जगभर ‘दाभोळ’ म्हणून ओळखला गेला, पण दाभोळ खाडीच्या पलीकडे, दापोली तालुक्यात. प्रकल्प उभा राहिला तो अलीकडे, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल-वेलदूरच्या परिसरात. १९९५ला राज्य सरकारने करार रद्द केला, मग नव्या अटींवर पुन्हा केला. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर, वेलदूरच्या बायकांवरही, १९९७ला पोलिसांनी लाठ्या चालवल्या. १९९९ला ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ला, विजेच्या दरावरून, बंद पडला. त्याच वर्षअखेर कंपनीचं दिवाळं निघालं. २००५ला रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने प्रकल्प सार्वजनिक कंपन्यांकडे आला, पण सुरुवातीला दिसलेला रोजगार पुन्हा दिसला नाही. त्या काळात भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या खोल्यांत पुढे पर्यटक उतरू लागले.

पर्यटनाने गावाला रोख पैसा दिला, विशेषतः वर्षभर राहणाऱ्या घरांना, आणि त्याचा मला आनंद आहे. घरगुती जेवण आणि दोन खोल्या एवढ्यावर इथे मुलांची शिक्षणं झाली आहेत. पण मेच्या शेवटी विहिरी तळाला जातात आणि माणसं तेव्हाच सर्वांत जास्त असतात. पोफळीची आळी, पाहुण्यांचे शॉवर आणि कुणाचा पोहण्याचा तलाव या सगळ्यांना पुरवठा गोड्या पाण्याच्या त्याच थरातून होतो. किनाऱ्यावर पोहण्याचा तलाव बांधायला परवानगी मिळू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वाळूवर अजून एक पाहुणा येतो. हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवं इथे अंडी घालायला येतात आणि पिल्लं मे महिन्यापर्यंत निघत राहतात. वनविभागाचे लोक आणि गावातले कासवमित्र अंडी कुंपणातल्या उबवणी केंद्रात जपतात. २०२३च्या फेब्रुवारीत इथल्या दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश धाडणारी यंत्रं बसवली गेली. त्यांची नावं बागेश्री आणि गुहा. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरापर्यंत गेली. २०२१ला ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी तर २०२५च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवं वेगळी, हा समज तपासून पाहावा लागणार, असं त्या एका मादीमुळे अभ्यासकांना वाटू लागलं. पहाटे वाळूवर माग शोधत फिरणारा कासवमित्र नसता तर ही गोष्ट कुणाला कळलीच नसती.

२०२०च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या साथीने सगळीच घडी विस्कटली. मुंबईतून माणसं जमेल त्या वाहनाने निघाली, आणि कोकणात गावोगाव त्यांना चौदा दिवस शाळांत किंवा बंद घरांत ठेवण्यात आलं. आपल्याच गावच्या वेशीवर अडवलं गेल्याचं दुःख पुष्कळांच्या मनात राहिलं, आणि वर्षभर इथे राहणाऱ्यांची भीतीही खोटी नव्हती. जवळचं मोठं रुग्णालय घाटरस्त्याने तास-दीड तासावर. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. गुहागर त्याच्या वाटेच्या दक्षिणेला राहिलं, पण श्रीवर्धन, दिवेआगर आणि दापोलीच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पुन्हा लावलेली पोफळ धरायला किती वर्षं लागतात ते वर आलंच आहे.

आता राहिला सातबारा. आजोबांच्या एका नावाची तिसऱ्या पिढीत वीसपंचवीस नावं होतात. वाटणी करायची तर सगळ्यांची संमती लागते. कुणी अमेरिकेत, कुणाचा पत्ता नाही, कुणी वारलेलं पण वारसनोंद झालेली नाही. मग घर कुणाचंच राहत नाही आणि कौलांना कुणी हात लावत नाही. रस्त्याने चालताना अशी पडकी घरं दिसतात, तेव्हा बहुतेक वेळा तिथे पैशाची अडचण नसते. सह्या अडलेल्या असतात. काही घराण्यांनी यातून चांगली वाट काढली आहे. दरसाल ठरावीक वर्गणी, त्यातून शाकारणी आणि घरपट्टी, वाडीचं उत्पन्न सांभाळणाऱ्याला, आणि हे सगळं कागदावर. भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने सुचवल्याप्रमाणे माडांखाली मिरी, दालचिनी, जायफळ लावून त्याच वाडीतून जास्त उत्पन्न काढणारेही आहेत.

सह्यांमध्येही एक मोठा बदल झाला आहे. पूर्वी लेकी मे महिन्यात माहेरपणाला येत, आंबे खात, आणि वाटणीची बोलणी ओटीवर चालू असताना माजघरात असत. महाराष्ट्राने १९९४ला आणि केंद्राने २००५ला कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला. वडील २००५च्या आधी वारले असले तरी तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२०मध्ये स्पष्ट केलं. पूर्वी हक्कसोडपत्रावर बहिणीची सही गृहीत धरली जाई. आता ती विचारते, वाडीचं काय करणार आहात, छपराला मी किती द्यायचे, आणि मला मागची खोली मिळेल का? अशा दोनतीन बहिणींनी मिळून माहेरचं घर शाकारलेलं मी पाहिलं आहे. मे महिन्यात बैठक कधी ठेवायची हे आता त्यांच्या रजेची तारीख विचारून ठरतं.