व्याख्येचे बळ आणि तिची मर्यादा

एखाद्या अन्यायास नाव असणे निराळे आणि कायद्यात त्याची व्याख्या असणे निराळे. ज्यूद्वेष जगाला शतकानुशतके ठाऊक आहे. परंतु न्यायासनापुढे प्रकरण आले म्हणजे अमुक कृत्य ज्यूद्वेषाने घडले की अन्य कारणाने, हे ठरवावयाचे कसे?

अमेरिकेत ही अडचण विशेष जाणवली. तेथील १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्याचे सहावे प्रकरण सरकारी साहाय्य घेणाऱ्या संस्थांना वंश, वर्ण व राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. धर्माचा मात्र त्यात उल्लेख नाही. मग ज्यू विद्यार्थ्याने दाद मागावी ती कशाच्या आधारे? पुढे वंशपरंपरेचा आधार मान्य झाला. तरी हेतू ओळखण्याचा प्रश्न उरलाच.

२६ मे २०१६ रोजी बुखारेस्ट येथे आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरण संघटनेने एक कामचलाऊ व्याख्या स्वीकारली. तिच्यासोबत अकरा उदाहरणे असून त्यांतील बरीच इस्रायलसंबंधी आहेत. ती कायद्याने बंधनकारक नाही, असे तिच्यातच म्हटले आहे. आणि इतर राष्ट्रांवर होते तशी टीका इस्रायलवर झाल्यास तो ज्यूद्वेष नव्हे, असेही म्हटले आहे.

फ्लॉरिडाने २०१९ साली सरकारी शिक्षणसंस्थांपुरता याच धर्तीचा कायदा केला. जॉर्जियाने २०२४ साली ही व्याख्याच भेदभावविरोधी कायद्याच्या अंमलबजावणीत हेतू तपासण्यासाठी घेतली.

या व्याख्येच्या मसुद्याचे प्रमुख लेखक केनेथ स्टर्न यांनीच विद्यापीठांतील भाषणांवर तिचा असा वापर करण्यास विरोध केला आहे. मूळ हेतू माहिती गोळा करण्याचा होता, असे ते सांगतात. उलट पक्षाचे म्हणणे असे की, व्याख्येवाचून अधिकारी छळाकडे डोळेझाक करतात. दोन्ही भये खरी आहेत.

यातून वाट काढावयाची तर एक भेद ध्यानी धरला पाहिजे. कोणी ज्यू प्रार्थनामंदिराची खिडकी फोडली, तर तो गुन्हा आधीच आहे. व्याख्या त्यामागील हेतू दाखविते. कोणी इस्रायल सरकारच्या धोरणाविरुद्ध भाषण केले, तर तेथे गुन्हाच नाही. व्याख्येने तो निर्माण होता कामा नये. व्याख्या हा दिवा आहे. कृत्यावर प्रकाश पाडणे हे त्याचे काम. मतांना जाळणे हे नव्हे. दुर्बलांचे रक्षण आणि वाणीचे स्वातंत्र्य ही दोन्ही टिकावयाची असतील, तर न्यायाधीशाने हा दिवा जपूनच हाती धरला पाहिजे.