‘ओदालिस्क’ : शब्द आणि चित्र

परक्या संस्कृतीच्या चित्रणात चित्रकाराच्या दृष्टीइतकाच त्याच्या भाषेतील रूढ शब्दांचाही वाटा असतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

तुर्की भाषेत ‘ओदा’ म्हणजे खोली. तीस ‘लिक्’ हा प्रत्यय लागून ‘ओदालिक्’ हा शब्द सिद्ध झाला. त्याचा मूळ अर्थ अंतःपुरातील परिचारिका. फ्रेंचमध्ये त्याचे रूप ‘ओदालिस्क’ झाले व अर्थ ‘भोगदासी’ असा रूढ झाला. फ्रेंच चित्रकार आंग्र याने १८१४ मध्ये ‘ग्रांद ओदालिस्क’ रंगविली ती याच अर्थाने. पूर्वेकडील देश त्याने कधीच पाहिले नव्हते.

त्याच्या ‘तुर्की स्नानगृह’ (१८६२) या चित्रास आधार होता तो लेडी मेरी माँटेग्यू यांच्या १७१७ मधील पत्राचा. त्यातील मजकूर त्याने आपल्या वहीत उतरून घेतला होता. पत्रातील स्त्रिया संभाषणात व कॉफीपानात रमलेल्या असून त्यांचे वर्तन सभ्य असल्याचे लेखिका आवर्जून नमूद करते. चित्रात मात्र स्नानगृहाचे विलासस्थान झाले आहे. प्रत्यक्षदर्शी स्त्रीची साक्ष हाती असूनही चित्रकारावर प्रभाव पडला तो रूढ कल्पनेचाच.

म्हणून अशी चित्रे समाजेतिहासाचा पुरावा म्हणून स्वीकारण्यापूर्वी अभ्यासकाने त्यांमागील शब्दांचा इतिहासही तपासला पाहिजे.