राज्यस्थापना (व्हिडिओ खेळ)

राज्यस्थापना ही मध्ययुगीन पार्श्वभूमीवरील व्यूहनीतीप्रधान व्हिडिओ खेळांतील एक खेळपद्धती आहे. तीत खेळाडू लहान सरदार, मांडलिक किंवा भटका योद्धा म्हणून आरंभ करतो आणि भूप्रदेश, सैन्य व अनुयायी मिळवून स्वतःचे स्वतंत्र राज्य उभारतो. प्रदेश जिंकणे हा या खेळपद्धतीचा पूर्वार्ध होय. आपला अधिकार इतरांकडून मान्य करवून घेणे, सरदारांची निष्ठा टिकवणे आणि राज्य वारसाकडे सुरक्षित सोपवणे हा तिचा अधिक कठीण उत्तरार्ध असतो. मराठी इतिहासलेखनात शिवकाळ सामान्यतः मध्ययुगात गणला जातो. त्यामुळे मराठा राज्याच्या स्थापनेशी ताडून पाहिल्यास या खेळांच्या नियमांचे मर्म आणि त्यांच्या मर्यादा स्पष्ट होतात.

प्रमुख खेळ

तुर्कस्तानातील टेलवर्ल्ड्स या संस्थेचा 'माउंट अँड ब्लेड: वॉरबँड' (२०१०) हा या पद्धतीचा सुपरिचित नमुना आहे. त्याची कथा कॅलराडिया नावाच्या काल्पनिक भूमीत घडते. त्याच मालिकेतील 'बॅनरलॉर्ड' २०२२ मध्ये पूर्णरूपाने प्रसिद्ध झाला. स्वीडनमधील पॅराडॉक्स या संस्थेचे 'क्रुसेडर किंग्ज २' (२०१२), 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' (२०१३) आणि 'क्रुसेडर किंग्ज ३' (२०२०) हे खेळ प्रत्यक्ष जगाच्या नकाशावर आणि ऐतिहासिक कालखंडात खेळले जातात.

राज्याधिकार

'वॉरबँड'मध्ये कोणत्याही राजाच्या सेवेत नसलेल्या खेळाडूने एखादा किल्ला किंवा नगर जिंकले की त्याचे राज्य अस्तित्वात येते. मात्र शेजारचे राजे त्याला बंडखोर समजतात आणि परके सरदार त्याच्या पक्षात येण्यास कचरतात. यासाठी खेळात 'राज्याधिकार' नावाचे एक परिमाण ठेवलेले आहे. आपल्या साथीदारांना दूरदेशी पाठवून स्वतःच्या हक्काचा प्रचार केल्याने आणि दुसऱ्या राजाने तह करून मान्यता दिल्याने ते वाढते. 'क्रुसेडर किंग्ज ३'मध्ये राजपद निर्माण करण्यासाठी त्या पदाच्या परंपरागत प्रदेशाचा निम्म्याहून अधिक भाग ताब्यात असावा लागतो आणि द्रव्यही खर्चावे लागते.

हाच प्रश्न छत्रपती शिवाजी महाराजांसमोर प्रत्यक्षात उभा होता. किल्ले, सैन्य आणि महसूल हाती असूनही प्रस्थापित सत्तांच्या दृष्टीने ते एका जहागीरदाराचे बंडखोर पुत्रच होते. ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेल्या राज्याभिषेकाने या सत्तेला सार्वभौम रूप मिळाले. काशीचे पंडित गागाभट्ट यांनी हा विधी केला. राज्याभिषेक शक सुरू झाला आणि सोन्याचा होन व तांब्याची शिवराई ही नाणी पाडण्यात आली. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन या प्रसंगी उपस्थित होता आणि त्याच भेटीत कंपनीशी तहही झाला. खेळातील राज्याधिकाराचा आकडा ज्या गोष्टींनी वाढतो, त्यांपैकी तह व परकीयांची मान्यता या दोन्ही येथे दिसतात. शक आणि नाणे यांना मात्र 'वॉरबँड'च्या हिशोबात स्थान नाही.

वतने आणि निष्ठा

नव्या राजाची खरी कसोटी जिंकलेल्या भूमीच्या वाटपात लागते. 'वॉरबँड'मध्ये एका सरदाराला गाव किंवा किल्ला दिला की इतर सरदार नाराज होतात. काहीच न मिळालेला सरदार कालांतराने पक्ष सोडतो. सर्व प्रदेश स्वतःकडे ठेवणारा राजा एकाकी पडतो, तर सर्व वाटून टाकणाऱ्याजवळ सैन्य पोसण्याइतके उत्पन्न उरत नाही. 'क्रुसेडर किंग्ज'मध्ये असंतुष्ट मांडलिक एकत्र येऊन राजासमोर मागण्या ठेवतात आणि त्या फेटाळल्यास युद्ध पुकारतात.

मराठा राज्यात हा पेच दोन टप्प्यांत दिसतो. शिवाजी महाराजांनी शक्यतो रोख वेतन देण्याचे आणि सेवेबद्दल वंशपरंपरागत जमिनी न देण्याचे धोरण ठेवले. ११ मार्च १६८९ रोजी छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली व त्याच वर्षी रायगड मोगलांकडे गेला. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना औरंगजेबही मराठा सरदारांना जहागिरींचे आमिष दाखवत होता. तेव्हा सरदार टिकवण्यासाठी वतने व सरंजाम देणे भाग पडले. पुढील शतकात होळकर, शिंदे, गायकवाड आणि भोसले ही घराणी जवळजवळ स्वतंत्र सत्ता बनली, त्याची बीजे या काळात शोधली जातात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांच्या स्वतंत्र वृत्तीबद्दल राजाला सावध केलेले आहे.

राज्यकारभार

'वॉरबँड'मध्ये राजा एक मंत्री नेमतो, तर 'युरोपा युनिव्हर्सालिस ४'मध्ये प्रशासन, परराष्ट्रनीती व युद्ध यांसाठी तीन सल्लागार असतात. 'क्रुसेडर किंग्ज ३'मध्ये परराष्ट्रव्यवहार, महसूल, सैन्य, हेरखाते आणि धर्म या बाबी पाहणारे पाच प्रमुख सभासद असतात. शिवकालीन अष्टप्रधान मंडळात पेशवा, अमात्य, सचिव, मंत्री, सेनापती, सुमंत, न्यायाधीश व पंडितराव असे आठ प्रधान होते. यांपैकी न्यायाधीशाला समांतर असे स्वतंत्र पद वरील तिन्ही खेळांच्या मंत्रिमंडळांत आढळत नाही. राज्य म्हणजे प्रामुख्याने युद्ध, करवसुली आणि राजकारण, ही या खेळांची धारणा त्यातून व्यक्त होते.

भूप्रदेश आणि रसद

या खेळांत पर्वतीय प्रदेशात बचाव करणाऱ्यास लाभ मिळतो. प्रत्येक प्रांत ठरावीक संख्येचेच सैन्य पोसू शकतो. त्याहून मोठी फौज तेथे राहिल्यास लढाईविनाच तिची हानी होते.

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत-खालापूर पट्ट्यात, जेथे कुंभिवलीसारखी गावे सह्याद्रीच्या पायथ्याशी वसली आहेत, या तत्त्वाचे ऐतिहासिक उदाहरण घडले. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाहिस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान मोठ्या फौजेसह घाट उतरून कोकणात येत होता. खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीच्या दाट अरण्यात शिवाजी महाराजांनी त्याला गाठले. पुढची व मागची वाट बंद झाल्याने मोगल फौजेची कोंडी झाली आणि खानाने सामानसुमान व द्रव्य देऊन सुटका करून घेतली. जगाच्या नकाशावर खेळल्या जाणाऱ्या खेळात हा सारा परिसर एखाद्या प्रांताचा अल्पसा तुकडा असतो. पर्वताचा लाभ तेथे आकड्याने मोजता येतो. एका खिंडीची वाट ठाऊक असण्याचे मोल मात्र त्या प्रमाणाच्या नकाशात मावत नाही.

वारसा आणि राज्याचा अंत

'क्रुसेडर किंग्ज ३'मध्ये आरंभीच्या काळात बहुतेक राज्यांचे वारसांमध्ये विभाजन होते. त्यामुळे कष्टाने जोडलेले राज्य पुढच्या पिढीत तुटण्याचा धोका असतो. मराठा इतिहासात १७०७ मध्ये शाहू महाराजांची मोगल कैदेतून सुटका झाल्यावर महाराणी ताराबाईंच्या पक्षाशी संघर्ष झाला. त्यातून सातारा व कोल्हापूर या दोन गाद्या निर्माण झाल्या आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने त्यांच्या सीमा ठरल्या.

'युरोपा युनिव्हर्सालिस ४'मध्ये शेवटचा प्रांत गमावला की राज्य संपते. प्रत्यक्षात १६८९ नंतर राजधानी पडली होती व राजा दूर दक्षिणेत होता. तरीही रामचंद्रपंत अमात्य, संताजी घोरपडे, धनाजी जाधव आदींनी लढा चालू ठेवला. कोणत्या प्रांतावर कोणाचा रंग आहे, एवढ्यावरून राज्याची प्राणशक्ती मोजता येत नाही, हे या कालखंडातून दिसते.

मराठी प्रदेशाचे चित्रण

'क्रुसेडर किंग्ज २'च्या 'राजाज ऑफ इंडिया' (२०१४) या विस्ताराने भारतीय राजे खेळण्यास उपलब्ध झाले. देवगिरीच्या यादवांचा इतिहास या खेळाच्या चौकटीत चपखल बसतो. कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक असलेले हे घराणे बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात भिल्लम पाचवा याच्या काळात स्वतंत्र झाले. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' १४४४ मध्ये सुरू होतो. त्या वेळी दख्खनवर बहमनी सत्ता होती; मराठा राज्य नकाशावर नसते, ते मराठी संस्कृतीच्या राज्याला अटी पूर्ण करून घडवावे लागते. 'एम्पायर: टोटल वॉर' (२००९) या पुढील कालखंडावरील खेळात १७०० पासून मराठा संघराज्य खेळता येते. तथापि सरदार घराण्यांचा तो संघ इतिहासात त्यानंतर, पेशवेकाळात आकारास आला.

मर्यादा

या खेळांत रयत मुख्यतः कर, मनुष्यबळ आणि असंतोष यांच्या आकड्यांतून दिसते. युद्धात उजाड झालेल्या प्रांताची नोंद होते, पण ती राजाच्या घटलेल्या उत्पन्नाच्या रूपाने. याउलट चिपळूण परिसरातील लष्कराच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेल्या प्रसिद्ध पत्रात दाणा, वैरण व भाजी बाजारातून विकत घ्यावी, रयतेला उपद्रव देऊ नये, अशी ताकीद आहे. उंदराने पेटती वात ओढून नेल्यास गवताच्या गंजीला आग लागेल, इतका बारीक विचार त्यात केलेला आहे. सैनिकाच्या वर्तनावर राज्याची प्रतिष्ठा अवलंबून असते, या जाणिवेला वरील खेळांच्या नियमांत फारसे स्थान मिळालेले नाही.

महाराष्ट्रात दिवाळीत मुले अंगणात माती-दगडांचा किल्ला करतात. अळीव किंवा मोहरी पेरून त्यावर हिरवळ उगवतात आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराजांची मूर्ती ठेवतात. राज्य उभारण्याचा हा जुना खेळ आहे. त्यात जय-पराजय, वतने किंवा वारसा यांचे नियम नसतात. मात्र बुरुजावर मावळे मांडताना पायथ्याशी शेत, विहीर आणि बाजार यांनाही जागा दिली जाते.