२० लिटर बिअरसाठी ३१ लिटर पाणी का लागतं? गुगल शीट्समध्ये समजून घ्या

मालेगावात लग्नाची बिर्याणी करणारा आचारी एक किलो तांदळाचं पाणी ५० किलोसाठी सरळ ५० ने गुणत नाही. तांदूळ जे पाणी पितो, ते वजनाप्रमाणे वाढतं. पण वाफ होऊन किती उडेल, हे पातेल्याचं तोंड, आच आणि वेळ ठरवतात. धान्यापासून बिअर बनवतानाही हाच प्रश्न येतो.

आधी कायदा बघू. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या डूलालीसारख्या मायक्रोब्रुअरी परवाना घेऊनच चालतात. अमेरिकेत मात्र १९७८ च्या कायद्याने प्रौढांना घरच्यापुरती बिअर बनवायची केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली. म्हणून आपण इथे फक्त गणित करायचं, तेही मोबाइलवर.

प्रक्रिया थोडक्यात

बार्लीला मोड आणून वाळवलं की माल्ट तयार होतं. भरडलेलं माल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. गोड पाणी निथळून घेतात आणि उरलेलं धान्य आणखी गरम पाण्याने धुतात. जमलेलं पाणी हॉप्स घालून तासभर उकळतात, थंड करतात आणि यीस्ट घालतात.

हिशोब उलटा करा

शेवटी किती हवंय तिथून सुरुवात करा. शीटमध्ये एकाखाली एक लिहा (आकडे उदाहरणाचे आहेत, प्रत्येकाच्या भांड्याप्रमाणे बदलतात):

- हवी असलेली मात्रा: २० लिटर
- उकळल्यावर तळाच्या गाळात राहणारं: १.५ लिटर
- एका तासात वाफ: ३.५ लिटर
- ५ किलो माल्टने धरून ठेवलेलं, किलोला १ लिटरप्रमाणे: ५ लिटर
- पहिल्या भांड्यात नळाच्या खाली उरणारं: १ लिटर

बेरीज ३१ लिटर. माल्ट भिजवायला किलोला ३ लिटर धरले तर १५ लिटर लागतात. उरलेले १६ लिटर धान्य धुण्यासाठी.

निम्मं केलं तर?

१० लिटर हवी म्हणून ३१ चे निम्मे, म्हणजे १५.५ लिटर घेतले तर गडबड होते. माल्ट निम्मं झालं, त्यामुळे ते २.५ लिटरच धरून ठेवेल. पण भांडी तीच, आच तीच, वेळ तोच. मग वाफ, गाळ आणि नळाखालचं पाणी जवळपास तेवढंच राहणार. बरोबर बेरीज १८.५ लिटर येते. १५.५ लिटर घेतलेल्याच्या हातात १० ऐवजी ७ लिटरच येतील. म्हणून शीटमध्ये फक्त माल्टच्या ओळीत गुणाकार 'माल्टचं वजन' या रकान्याशी जोडा आणि वाफेच्या ओळीत 'तास' या रकान्याशी. बाकीचे दोन आकडे स्थिर ठेवा.

४ टक्क्यांचा चकवा

उकळतं पाणी २० अंशांपर्यंत थंड झालं की त्याचं आकारमान सुमारे ४ टक्के कमी होतं. अनेकजण हेही नुकसान म्हणून बेरजेत धरतात. पण पाणी कुठे गेलेलंच नसतं, ते फक्त आकसतं. वरचे सगळे आकडे थंड लिटरमध्ये असतील तर ४ टक्के वेगळे मिळवायचे नाहीत. ते फक्त गरम भांड्यावरची खूण वाचताना लागतात: २१.५ लिटर थंड हवं असेल, तर गॅस बंद करताना खूण २१.५ भागिले ०.९६, म्हणजे साधारण २२.४ दाखवायला हवी.

स्वतः करून बघा

यासाठी बिअर नको, साधं पाणी पुरे. पातेल्यात मोजून ३ लिटर पाणी घ्या, उकळी फुटल्यापासून अर्धा तास उघडं उकळू द्या, पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा मोजा. जेवढं कमी झालं त्याची दुप्पट, हा तुमच्या पातेल्याचा अंदाजे ताशी दर. आता तोच प्रयोग रुंद पातेल्यात करा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. दुसऱ्याच्या शीटमधला वाफेचा आकडा आपल्या भांड्याला का चालत नाही, हे लगेच दिसेल.