निर्णायक मार्ग : काम नेमके कोठे अडते?

कोकण रेल्वेचे काम १९९० साली हाती घेण्यात आले. रोहा ते मंगळुरूजवळील ठोकूर असा सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग. त्यावरील सर्वांत लांब बोगदा रत्नागिरीजवळील करबुडेचा, साडेसहा किलोमीटरचा. पण सलग मार्ग रखडला तो त्याच्यामुळे नव्हे, तर गोव्यातील पेडण्याच्या अवघ्या दीड किलोमीटरच्या बोगद्यामुळे. तेथे कातळ नव्हता, पाण्याने भिजलेली मऊ माती होती. खणावे आणि पुन्हा ढासळावे, असे वर्षानुवर्षे चालले. दोन्ही बाजूंचे रूळ तयार होऊन टप्प्याटप्प्याने गाड्या धावू लागल्या, तरी सलग मार्ग पूर्ण झाला तो जानेवारी १९९८ मध्येच.

जे काम एक दिवस लांबले की सारेच एक दिवस लांबते, अशा कामांच्या साखळीला व्यवस्थापनशास्त्रात ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात. आम्ही तिला निर्णायक मार्ग म्हणू. ड्यू पाँट या अमेरिकन रसायन कंपनीतील मॉर्गन वॉकर व रेमिंग्टन रँड कंपनीतील जेम्स केली यांनी १९५७ च्या सुमारास ही पद्धत बसविली. आज कचेरीतील फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर संगणकातूनच जाते. ती कोणाकडे कधी आली व कधी सुटली, याची नोंद सॉफ्टवेअर ठेवते आणि त्यावरून हा मार्ग दाखविते.

आम्हा बँकवाल्यांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. घर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज मागितले आहे. आकडे समजण्यापुरते आहेत. अर्जाची नोंद १ दिवस. त्यानंतर चार कामे एकाच वेळी सुरू होतात : उत्पन्नाची तपासणी ३ दिवस, महाविद्यालयाचे फीपत्र ५, घराचे मूल्यांकन ४ आणि वकिलाकडून मालकीहक्काचा शोध १२ दिवस. चारही हाती आल्यावर मंजुरीला ३ दिवस. सगळ्यांची बेरीज २८ होते. पण कर्ज मंजूर होते १६ दिवसांत, कारण १ अधिक १२ अधिक ३ हाच निर्णायक मार्ग. मूल्यांकनाला ८ दिवसांची सवड आहे. उत्पन्न तपासणीसाठी आणखी एक कारकून नेमून ते काम एका दिवसात उरकले, तरी कर्जदाराला त्याचा काडीइतका उपयोग नाही. (साहेबांचा आग्रह मात्र पुष्कळदा अशाच ठिकाणी असतो.)

आता वकिलाचे काम ३ दिवसांवर आणले तर? ९ दिवस वाचले, म्हणजे ७ दिवसांत कर्ज, असे वाटेल. प्रत्यक्षात ९ दिवस लागतील, कारण आता फीपत्राचे ५ दिवस निर्णायक ठरतात. एक गाठ सुटली की मार्ग दुसरीकडे सरकतो, म्हणून हिशेब पुन्हा करावा लागतो.

रेल्वे बांधणे आणि फाइल फिरणे यांत एक मोठा फरक आहे. फाइल मागे फिरते. ‘त्रुटी’ असा शेरा पडला की ती अर्जदाराकडे परत येते. मूळ पद्धतीच्या आकृतीत असे मागे जाणारे बाण चालत नाहीत. म्हणून सॉफ्टवेअरला जुन्या फाइलींचा इतिहास चाळून, किती वेळा व किती दिवस फाइल परत गेली, हेही धरावे लागते. फाइलीवर हात चालला तो वेळ अर्ध्या तासाचा आणि ती पडून राहिली तो आठ दिवसांचा, असे नेहमीच दिसते. पडून राहण्याचा वेळ नोंदलाच नाही, तर संगणकाने दाखविलेला मार्ग खोटा.

विद्यार्थी मित्रांनो, हे गणित तुमच्या घरातही लागू पडते. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेवर प्रवेशासाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते. फोटो, शपथपत्र, महाविद्यालयाचे पत्र यांना सवड आहे. ती आपण पहिल्यांदा गोळा करतो, कारण ती सोपी असतात. निर्णायक असतो तो १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांत मुलांच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ अशी नोंद झाली; जुनी जात आढळते ती आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात, नाहीतर तहसील कचेरीतील कोतवाल बुकात. १९७२ च्या दुष्काळात पुण्यात आलेल्या कुटुंबांसाठी ती शाळा शंभर-दोनशे किलोमीटरवर असते. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर चुलत आजोबांचा दाखला शोधायचा, आणि मग वंशावळ जुळवायची. त्यातच नावात एक अक्षर इकडचे तिकडे निघाले, तर त्रुटी, म्हणजे पुन्हा मागे जाणारा बाण.

हा शोध बारावीच्या निकालानंतर सुरू केला तर प्रवेशाच्या फेऱ्या थांबत नाहीत. गुण असूनही जागा जाते. तो अकरावीतच सुरू करावा. मे महिन्यात गावी जाणे होतेच, पण तेव्हा शाळेला सुट्टी असते आणि मुख्याध्यापक भेटतीलच असे नाही. दिवाळीनंतर, शाळा भरल्यावर, दोन दिवसांची रजा काढून वडिलांबरोबर जावे आणि दाखल्यावरील प्रत्येक नाव तेथेच वाचून घ्यावे.