येलदरीखालचें पाणी आणि मासे

अमेरिकेंत धरणाखालीं ट्राउट मासा धरणारे लोक पाणी केव्हां सुटणार याची चौकशी करूनच नदींत उतरतात. ट्राउटास थंड पाणी लागतें, तो आपल्या पूर्णेंत व्हावयाचा नाहीं. परंतु चौकशी आम्हांसही हवीच. जिंतूर तालुक्यांतील येलदरी धरण १९६८ सालीं पुरें झालें. त्याचें पाणी वीजघरांतून नदींत उतरतें व खालच्या सिद्धेश्वर जलाशयांतून कालव्यांस मिळतें. त्यामुळें आभाळांत ढग नसतांही नदी चढते व उतरते. पाणी चढूं लागलें म्हणजे वाहून येणारे किडे टिपण्यास मासे कडेस येतात. गळ टाकण्याची वेळ हीच, आणि धोक्याचीही हीच. उतरत्या पाण्यांत ते डोह गांठतात. कांहीं डबक्यांत अडकतात. मरळ तेथेंही तग धरतो, कारण तो वर येऊन हवा घेतो, रोहू गुदमरतो. (अडकलेलीं बोटाएवढीं पिलें वेचण्यांत कसला आला पुरुषार्थ!)

गळ टाकण्यापूर्वीं पाण्याच्या कडेस कोरड्या वाळूंत काठी रोवावी. काठीचें बूड भिजलें कीं मासा लागलेला असला तरी काठ गांठावा. मधल्या खडकावर बसणाऱ्यास वाढ उशिरां कळते. तोंवर त्याच्या पाठीमागची घळ भरून परतीची वाट बुडालेली असते.